सिंहासन रिकामे होते तेव्हा

जुलमी राजवट कोसळली की लोक आनंदोत्सव करतात, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु एका मुठीत एकवटलेली सत्ता त्या राजवटीबरोबर नाहीशी होत नाही; ती केवळ बेवारस होते. ती पुढे कोण उचलतो, यावर राष्ट्राचे भवितव्य अवलंबून असते. १९६१ पर्यंत ज्या देशाचा अंमल गोमंतकावर होता, त्या पोर्तुगालचाच इतिहास या दृष्टीने मोठा बोधप्रद आहे.

२५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी उठाव केला. सालाझारने उभारलेली आणि त्याच्यामागून कायतानोने चालविलेली हुकूमशाही एका दिवसात ढासळली. सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लोकांनी तांबडी फुले खोवली. वेढ्यात सापडलेल्या कायतानोने एकच आग्रह धरला : आपण शरण येऊ, परंतु एखाद्या सेनापतीलाच, सत्ता रस्त्यावर पडता कामा नये. त्याप्रमाणे जनरल स्पिनोला यांच्या हाती सूत्रे आली. तथापि पुढील दीड वर्ष सत्ता जणू रस्त्यावरच होती. स्पिनोला सप्टेंबरअखेर पायउतार झाले. मार्च १९७५ मध्ये एक बंड फसले. दोन वर्षांत सहा हंगामी मंत्रिमंडळे आली नि गेली. नोव्हेंबर १९७५ मध्ये तर बांधकाम मजुरांनी घटना समितीच्या सभासदांना त्यांच्याच सभागृहात कोंडून धरले.

एवढ्या वादळातून ते राष्ट्र तरले, ते कशामुळे? उठावाच्या कर्त्यांनी वर्षाच्या आत घटना समितीची निवडणूक घेण्याचे वचन दिले होते. ते त्यांनी २५ एप्रिल १९७५ रोजी पाळले. शेकडा ९१ हून अधिक मतदारांनी मतदान केले. त्या दिवशी बेवारस सत्तेला कायदेशीर वारस लाभला. म्हणूनच नोव्हेंबरअखेरचे लष्करी बंड मोडून निघाल्यावर नवा हुकूमशहा आला नाही. २ एप्रिल १९७६ रोजी राज्यघटना संमत झाली.

दूरच्या वसाहतींचे दैव मात्र निराळे ठरले. अंगोलामध्ये तीन सशस्त्र पक्ष परस्परांशी लढत असतानाच ११ नोव्हेंबर १९७५ रोजी पोर्तुगीज सत्ता संपली. ती कोणत्याही एका सरकारच्या हाती न देता ‘अंगोलाच्या जनतेला’ देण्यात आली. शब्द उदात्त होता. परंतु जनतेच्या वतीने ती स्वीकारणारी, सर्वांना मान्य अशी संस्थाच तेथे नव्हती. तेथील यादवी २००२ पर्यंत धुमसत राहिली. पूर्व तिमोरमध्ये ऑगस्ट १९७५ मध्ये यादवी पेटताच पोर्तुगीज गव्हर्नर राजधानी सोडून जवळच्या बेटावर गेला, आणि ७ डिसेंबर रोजी इंडोनेशियाच्या सैन्याने ती रिकामी जागा बळकावली. त्या छोट्या देशाला स्वातंत्र्यासाठी २००२ पर्यंत वाट पाहावी लागली.

गोमंतकाला या वादळाची झळ लागली नाही. तेथे १९६३ च्या डिसेंबरातच निवडणूक होऊन लोकनियुक्त कारभार सुरू झाला होता. लिस्बनच्या नव्या सरकारने ३१ डिसेंबर १९७४ रोजी भारताशी करार करून तेथील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, तेव्हा तो केवळ झालेल्या गोष्टीचा स्वीकार होता.

यावरून जुलूम निमूटपणे सोसावा, असा अर्थ कोणी काढू नये. राजवट उलथण्याचे धैर्य जितके मोलाचे, तितकीच दुसऱ्या दिवसाची तरतूदही मोलाची आहे. निवडणुकीची तारीख, सर्वमान्य सभा आणि तिच्या आज्ञेत राहणारे सैन्य या तिन्हींची सिद्धता नसेल, तर एका जुलमाच्या जागी दुसरा येण्यास फार काळ लागत नाही.