करार कुणाचा, निर्णय कुणाचा?

(इंदापूर येथे महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे संपादित रूप)



आजचा विषय ऐकून काहीजणी हसल्या. वैमानिक मुलीने पहिली नोकरी मुदतीआधी सोडून दुसऱ्या कंपनीत जावं का, हा प्रश्न आपल्या बैठकीत कशाला, असं त्यांना वाटलं. पण बारामतीच्या धावपट्टीवरून उडणारी शिकाऊ विमानं आपल्या उसावरून रोज जातात. २५ जुलै २०२२ला त्यातलंच एक विमान याच तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. ते एक मुलगी एकटीने चालवत होती, आणि ती वाचली. ऑक्टोबर २०२३मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं पडली. तेव्हा हा विषय आपल्या बांधावरचाच आहे.

आपल्याकडच्या मुलीही आता या धंद्यात आहेत. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी १९८५ साली कोलकात्याहून सिलचरला विमान नेलं. त्यात वैमानिकांपासून हवाई सुंदरींपर्यंत सगळ्या बायका होत्या. भारतात असं पहिल्यांदाच घडलं. आज जगात वैमानिकांमध्ये बायकांचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आहे, भारतात ते बारा ते पंधरा टक्के सांगतात. याचा आपल्याला अभिमान आहे. पण मुलगी कॉकपिटमध्ये बसली की तिचे प्रश्न संपले, असं समजायचं कारण नाही.

काही महिन्यांपूर्वी अशीच एक मुलगी माझ्याकडे आली. तिचं आणि गावाचं नाव मी सांगणार नाही. वडील ऊसवाले शेतकरी. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी दोनशे तास उड्डाण लागतं, आणि तो खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो. त्यासाठी वडिलांनी जमीन गहाण टाकली. नोकरी लागली तेव्हा कंपनीने विशिष्ट विमान चालवायचं प्रशिक्षण दिलं आणि त्या बदल्यात करार लिहून घेतला: ठरलेली वर्षं नोकरी केली नाही तर इतके लाख भरायचे. जामीन म्हणून सही पुन्हा वडिलांची.

आता दुसरी कंपनी तिला बोलावत होती. विमान तेच, म्हणजे नवं प्रशिक्षण जवळपास नाही. पगार थोडा जास्त, आणि मुक्कामाचं ठिकाण पुणे. पहिल्या कंपनीने पुण्याचं तोंडी कबूल करून तिला दुसऱ्या टोकाच्या शहरात ठेवलं होतं. कराराचे दहा महिने शिल्लक होते. घरात दोन तट पडले. वडील म्हणाले, "जमीन अडकलीय, हलायचं नाही." होणाऱ्या सासरचे म्हणाले, "लग्नानंतर ती पुण्यातच पाहिजे, लगेच सोडू दे." आई गप्प. मी तिला विचारलं, "तुला काय पाहिजे?" ती बराच वेळ बोललीच नाही. पुढे म्हणाली, "मॅडम, हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

इथे मला ऊसतोडीची आठवण होते. हंगामाआधी मुकादम उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, पण उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते. ती कामाने फेडायची दोघांनी. मधेच फड सोडला तर मुकादम दारात उभा. वैमानिक मुलीची आणि कोयत्यावरच्या बाईची परिस्थिती एक नाही, हे मला माहीत आहे. एकीच्या हातात परवाना आहे, दुसरीच्या हातात पुढच्या हंगामाची उचल. वेठबिगारीविरुद्ध १९७६ साली कायदा झाला तो दुसरीसाठी. पण दोघींच्या कागदावर बोलणी पुरुषांनी केलेली असतात आणि बांधली जाते ती बाई. नर्सिंग केलेल्या मुलींची मूळ प्रमाणपत्रं रुग्णालयं अडकवून ठेवतात, तेही आपण पाहिलेलंच आहे.

कायदा काय म्हणतो? वेळेआधी नोकरी सोडणं हा गुन्हा नाही. कुणी पोलिसांची भीती घातली तर घाबरू नका. हा दिवाणी, पैशाचा मामला आहे. पण करार म्हणजे नुसता कागद, असंही म्हणता येणार नाही. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षं नोकरी किंवा दोन लाख रुपये, ही अट वैध ठरवली. त्याच वेळी करार कायद्याच्या ७४व्या कलमानुसार भरपाई वाजवीच असावी लागते. आकडा कितीही लिहिला तरी तो जसाच्या तसा वसूल होईलच, असं नाही.

वैमानिकांना आणखी एक नियम आहे. २०१७ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सहवैमानिकाला सहा महिन्यांची आणि कमांडरला वर्षाची नोटीस लावली. जुन्या कंपनीने ना-हरकत पत्र दिलं तर हा काळ कमी होतो. २०२३ साली आकासा एअरचे ४३ वैमानिक नोटिशीचा काळ न भरता गेले, उड्डाणं रद्द झाली आणि कंपनी त्यातल्या काहींविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. रागाच्या भरात निघून जाण्याची किंमत ही अशी असते. उलट कंपनीशी इमान राखून बसलेल्यांचं काय झालं, तेही पाहा. जेट एअरवेज २०१९ साली बंद पडली, गो फर्स्ट २०२३ साली. दोन्हीकडे लोकांचे पगार थकले. कंपनी अडचणीत आली की कर्मचाऱ्याच्या निष्ठेचा हिशेब कुणी ठेवत नाही.

बाईचा हिशेब आणखी वेगळा असतो. प्रसूती रजेचे २६ आठवडे हक्काचे आहेत, पण त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत त्याच मालकाकडे ८० दिवस काम झालेलं लागतं. नोकरी बदलली की ही मोजणी पहिल्यापासून सुरू होते. हा हक्कही फुकट मिळालेला नाही. पहिल्या गर्भारपणात हवाई सुंदरीची नोकरी संपवायचा एअर इंडियाचा नियम १९८१ साली नर्गिस मिर्झा खटल्यात रद्द झाला. पण पहिली चार वर्षं लग्न करायचं नाही, ही अट त्याच निकालात कोर्टाने चालवून घेतली. लग्न आणि मूल हे नोकरीच्या कागदात असे पूर्वीपासून आहेत. आता ते कागदावर दिसत नाहीत, घरातल्या बोलण्यात दिसतात.

त्या मुलीबरोबर आम्ही करार ओळीने वाचला. इंग्रजीतली बावीस पानं. सही करताना वडिलांना ती कुणी समजावून सांगितली नव्हती. त्यात दोन गोष्टी सापडल्या. भरायची रक्कम दर महिन्याला कमी होत जाणार होती, आणि नोटिशीचा काळ नोकरीतच धरला जाणार होता. म्हणजे आणखी चार महिने थांबून नोटीस दिली, तर दहा महिने पुरे होतात आणि जमिनीला धक्का लागत नाही. त्या काळात तिच्या खात्यावर उड्डाणाचे तासही जमा होणार होते. कमांडर होण्याच्या वाटेवरच्या परवान्याला पंधराशे तास लागतात, आणि वर्षाला हजारावर तास उडता येत नाही. त्यामुळे एकेक महिना मोलाचा.

तिने थांबायचं ठरवलं. नवी कंपनी जागा राखून ठेवेल, असं लेखी द्यायला तयार नाही. जागा गेली तर गेली, असं ती म्हणाली. सासरी तिने स्वतः फोन करून सांगितलं, की पुण्याला येईन ते माझ्या कामाच्या हिशेबाने. लग्नाची तारीख पुढे गेली आहे. लग्न होईल की नाही, हे आज मी सांगू शकत नाही. दुसरी एखादी मुलगी याच परिस्थितीत लगेच सोडेल. छळ होत असेल, पगार थकत असेल, झोप पुरी न होता उडवत असतील, तर तिने सोडलंच पाहिजे. थांबणं शहाणपणाचं आणि सोडणं बंडखोरीचं, असं मला म्हणायचं नाही. हिशेब तिने मांडावा आणि निर्णय तिचा असावा, एवढाच माझा आग्रह आहे.

बापाने जमीन गहाण टाकली, याचं ओझं मुलीवर असतंच. ते खरं आहे आणि ते नाकारू नये. पण मुलाच्या शिक्षणासाठी जमीन गहाण टाकली, तर त्याची नोकरी कुठे असावी हे आपण त्याच्या सासूला विचारतो का?

म्हणून आपल्या गटांनी एक काम करावं. गावातली कोणतीही मुलगी कसल्याही करारावर सही करणार असेल, मग ती नर्स असो, कारखान्यातली शिकाऊ असो की वैमानिक, तो कागद आधी मराठीत समजून घ्यावा. किती वर्षं, किती रक्कम, ती दरवर्षी कमी होते का, नोटीस किती, जामीन कोण, मूळ प्रमाणपत्रं कुणाकडे राहणार, आणि तोंडी कबूल केलेलं लेखी आहे का, हे सात प्रश्न विचारावेत. कागदाची एक प्रत मुलीच्या हातात राहावी. आणि या सगळ्याच्या आधी तिला विचारावं, बाई गं, तुला स्वतःला काय पाहिजे?