अपडेट म्हणजे अमानतीचं कुलूप
(पुसेगाव, जि. हिंगोली येथे तरुणांसमोर केलेलं भाषण)



ज्याच्या घरी कॉम्प्युटर, त्याच्याकडे सगळा मोहल्ला येतो. कुणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज, कुणाचं आधार, कुणाचं पासबुक. काम झालं तरी फायली तुमच्याकडेच राहतात. ही लोकांची अमानत आहे.

27 जून 2017 रोजी ‘नॉटपेट्या’ व्हायरसमुळे न्हावा-शेवा इथल्या जवाहरलाल नेहरू बंदराचं एक टर्मिनल ठप्प झालं. हा व्हायरस विंडोजमधल्या ज्या फटीतूनही पसरत होता, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं 14 मार्चलाच दिलं होतं. तीन महिने उलटूनही जगभर असंख्य मशिनींवर ते बसवलेलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, नेट पॅक संपतो, अर्ज भरतानाच मशीन रीस्टार्ट होतं. खरं आहे. म्हणून अपडेट बंद करू नका, वेळ ठरवा. सेटिंगमध्ये ‘ॲक्टिव्ह अवर्स’ लावा, त्या वेळात मशीन आपोआप रीस्टार्ट होणार नाही. हॉटस्पॉट ‘मीटर्ड’ केलं असेल तर बहुतेक अपडेट थांबतात, तेव्हा आठवड्यातून एकदा स्वतः तपासा. लाइट जाण्याची भीती असेल तर लॅपटॉप आधी पूर्ण चार्ज करा.

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, हेही ध्यानात ठेवा.

आणखी एक. नॉटपेट्या मुळात शिरला तो युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. म्हणून वेबसाइटवर उडी मारून येणारं ‘अपडेट करा’ दाबू नका, आणि फायलींची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवून ती काढून ठेवा.

दुसऱ्याचं काम झालं की त्याची कागदपत्रं पुसून टाका. जे ठेवलंच नाही, ते चोरीला जात नाही.