आठ सेकंद आणि आईबाप



मुलांच्या हट्टापुढे आईबापांनी किती नमावे आणि कोठे पाय रोवून उभे राहावे, हा प्रश्न शिक्षकाच्या कानावर वर्षातून निदान दहा वेळा येतो. कोणाच्या मुलास मोटारसायकल हवी असते, कोणाच्या मुलास शाळा सोडून जहाजावर जावयाचे असते. आज ज्या हट्टाविषयी बोलावयाचे आहे, तो मात्र आपल्या घरात ऐकू येण्याचा संभव नाही. तो ऐकू येतो अमेरिकेच्या टेक्सास, ओक्लाहोमा, वायोमिंग, कोलोरॅडो अशा गुरेढोरे पाळणाऱ्या राज्यांत आणि कॅनडाच्या पश्चिम भागात. तेथे दहा-बारा वर्षांचा मुलगा रात्री जेवताना सहज म्हणून जातो, ‘मला वळूवर बसावयाचे आहे,’ आणि आईच्या हातातला घास हातातच राहतो.

हा खेळ ‘रोडिओ’ नावाच्या जत्रेवजा सामन्यांचा एक भाग आहे. शब्द स्पॅनिश. गुरे घेरून एकत्र आणणे, हा त्याचा मूळ अर्थ. मेक्सिकोतील गुराख्यांकडून अमेरिकन गुराख्यांनी जी विद्या उचलली, तिच्यातून हे सामने निघाले. धावते वासरू दोराच्या फासात पकडणे, अडेल घोड्यास ताब्यात आणणे, हे त्यातील इतर प्रकार गुराख्याच्या रोजच्या कामातून आले आहेत. वळूवर बसणे हे मात्र कोणत्याही गोठ्यातले काम नव्हे. वळूवर बसून कोणी गुरे राखीत नाही. ते केवळ धाडसासाठी धाडस आहे, आणि म्हणूनच की काय, कार्यक्रमाच्या शेवटी बहुधा तेच ठेवलेले असते, म्हणजे गर्दी हलत नाही.

नियम ऐकावयास सोपे आहेत. लोखंडी गजांच्या अरुंद कोंडीत सहा-सातशे किलो वजनाचा वळू उभा करतात. त्याच्या छातीभोवती एक वेणीदार दोर गुंडाळलेला असतो आणि पोटाखाली त्या दोरास घंटा लोंबत असते. स्वाराचा हात सुटला की घंटेच्या वजनाने दोर आपोआप गळून पडावा, ही त्यातील योजना. राळ चोळलेला हातमोजा घालून स्वार एका हाताने तो दोर धरतो. दुसरा हात हवेत मोकळा ठेवावयाचा. तो वळूस किंवा स्वतःच्या अंगास लागला की स्वार बाद. फाटक उघडल्यापासून आठ सेकंद टिकून राहिले तरच गुण मिळतात. गुण एकंदर १००, त्यांतले निम्मे स्वाराच्या कसबाचे आणि निम्मे वळूच्या उसळण्याचे. म्हणजे सौम्य जनावर वाट्यास आले तर चांगला स्वारही मागे पडावयाचा. संकट जितके मोठे तितके यश मोठे, हे येथे कवीचे बोलणे नसून परीक्षकाच्या कागदावरचे गणित आहे. ते मुलाच्या डोक्यात एकदा बसले की आईबापांचे काम अवघड होते.

येथे थोडे विषयांतर करतो. या रिंगणांत जे वळू उसळतात, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या पाठीवर वशिंड दिसते. युरोपातून गेलेल्या गुरांना वशिंड नसते. ते आले आपल्याकडून. अमेरिकेत ‘ब्राह्मण’ या नावाने जी जात विसाव्या शतकाच्या आरंभी तयार झाली, तिच्यात काठेवाडची गीर, गुजरातची कांक्रेज, आंध्रातील नेल्लोर-ओंगोल आणि आपली कृष्णाकाठची अशा चार हिंदी जातींचे रक्त आहे. त्यांतली काही गुरे ब्राझीलच्या वाटेने तेथे पोहोचली. बेळगाव-सांगलीकडील शेतकऱ्याने काळ्या रानात नांगरासाठी जोपासलेल्या बैलाचा दूरचा वंशज ओक्लाहोमातील एखाद्या मुलाची झोप उडवीत असेल, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. वडोद्याच्या किंवा हैदराबादच्या श्रोत्यांनाही या नातेसंबंधात आपला वाटा मागता येईल.

आता मूळ विषयाकडे. हा हट्ट मुलाच्या मनात येतो कोठून? वरवर पाहता तो मुलाचा स्वतःचा असतो. परंतु त्याचे बी बहुधा घरच्यांनीच पेरलेले असते. तिकडील गावोगावच्या जत्रांतून पाच ते सात वर्षांच्या मुलांना मेंढीच्या पाठीवर पालथे निजवून सोडून देण्याचा एक खेळ असतो. मुलाचे वजन साधारणतः २७ किलोंच्या आत असावे लागते. डोक्यास शिरस्त्राण, अंगात जाड बंडी. मेंढी धावते, मूल लोकरीस मिठी मारून राहते, पाच-सहा सेकंदांत गवतावर किंवा मातीत पडते, आणि सारे मैदान टाळ्या वाजविते. मुलीही बसतात. आजोबा छायाचित्र घेतात. यात वाईट काय, असे कोणीही म्हणेल, आणि मेंढीपुरते ते खरेही आहे. परंतु मेंढीनंतर वासरू येते, वासरानंतर खच्ची केलेला गोऱ्हा, त्यानंतर लहान वळू, आणि मग एके दिवशी मोठा वळू. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून थोडीच उंच असते. मुलांच्या रोडिओंची राष्ट्रीय संघटना तेथे १९५२ पासून आहे, आणि हायस्कुलातील विद्यार्थ्यांची तिच्याही आधीपासूनची. ज्या बापाने पाचव्या वर्षी मुलास मेंढीवर बसवून त्याची पाठ थोपटली, त्याने चौदाव्या वर्षी एकदम ‘नाही’ म्हटले तर मुलास ते अन्यायाचे वाटल्यावाचून कसे राहील? आपणच शिकविलेल्या अभिमानाची ती मागणी असते.

लेन फ्रॉस्ट या स्वाराचे नाव या खेळात आजही आदराने घेतले जाते. त्याचा जन्म १९६३ चा. वडील स्वतः रोडिओत घोड्यांवर बसत. घरी दुभती गुरे होती, आणि पाच-सहा वर्षांचा लेन त्यांच्या वासरांवर चढू लागला. आईच्या जिवाचे पाणी झाले. वडिलांनाही, स्वतः त्याच धंद्यातले असूनसुद्धा, मुलाने वळूंचा नाद धरावा असे वाटत नव्हते. मुलगा हटला नाही. दहाव्या वर्षी त्याने लहान मुलांच्या सामन्यांत बक्षिसे मिळविली, आणि १९८७ साली तो जगज्जेता झाला. ३० जुलै १९८९ रोजी वायोमिंगमधील चेयेन येथे त्याने आठ सेकंद पूर्ण केले, खाली उतरला, आणि वळूने वळून त्याच्या पाठीत शिंगाचा तडाखा दिला. तो उठला, मित्रांना हात केला, दोन पावले चालला आणि कोसळला. बरगड्या मोडून आत घाव गेला होता. वय अवघे २५. त्या दिवशी तेथे हजर असलेल्या कोडी लॅम्बर्ट या त्याच्या मित्राने पुढे काही वर्षांनी छाती-पाठीचे रक्षण करणारी जाड बंडी तयार केली. आज ती अंगात नसलेला स्वार व्यावसायिक रिंगणात दिसत नाही.

तथापि बंडीने सर्व भागते असे समजू नये. जानेवारी २०१९ मध्ये डेन्व्हर येथे मेसन लो हा २५ वर्षांचा स्वार बंडी अंगात असताना वळूचा पाय छातीवर पडून मरण पावला. जेरोम डेव्हिस हा १९९५ चा विजेता. १९९८ मध्ये टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे वळूच्या डोक्याचा तडाखा बसून त्याची मान मोडली, आणि तेव्हापासून तो चाकांच्या खुर्चीत आहे. त्याने रोडिओचा नाद सोडला नाही. आपल्या रानात तो सामने भरवीत राहिला. या खेळाची ओढ किती चिवट असते, हे यावरून कळते. आईबापांनी ती कमी लेखू नये.

परंतु मोडलेली बरगडी दिसते, मोडलेली मान दिसते. जे दिसत नाही त्याची गोष्ट कॅनडातील आहे. टाय पॉझोबॉन हा ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील मेरिट गावचा तरुण. २०१६ मध्ये तो कॅनडाचा विजेता ठरला होता. वर्षानुवर्षे वळूंवरून पडून त्याच्या डोक्यास वारंवार मार बसला होता. पुढे चिंता आणि उदासीनता यांनी तो ग्रासला, आणि जानेवारी २०१७ मध्ये २५ व्या वर्षी त्याने आपले जीवन संपविले. मेंदूस वारंवार बसणाऱ्या हिसक्यांनी एक रोग जडतो, तो मुष्टियोद्धे आणि अमेरिकन फुटबॉलचे खेळाडू यांच्यात पूर्वीच आढळला होता. माणूस जिवंत असताना त्याचे निश्चित निदान होत नाही. मृत्यूनंतर मेंदू तपासूनच ते करावे लागते. टायच्या आईवडिलांनी मुलाचा मेंदू तपासणीसाठी दिला. रोग निघाला. व्यावसायिक वळू-स्वारात त्याची खात्री पटलेली ती पहिली घटना. ही गोष्ट त्यांना झाकून ठेवता आली असती. त्यांनी ती जाहीर केली आणि मुलाच्या नावाने एक संस्था काढून रोडिओच्या जागी वैद्यकीय मदत आणि स्वारांच्या मनःस्वास्थ्याची काळजी यांसाठी काम सुरू केले. या खेळावर कितीही कडक टीका केली तरी तिच्यातून जे साधले नसते, ते या दोघांनी साधले, असे मला वाटते.

मग आईबापांनी काय करावे? सरळ बंदी घालावी, हे उत्तर दूर बसलेल्या माणसास सुचते. आमच्या गोव्यात वळूंच्या झुंजींवर, म्हणजे धिरयोंवर, उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बंदी घातली; त्यानंतरही त्या चोरून होत राहिल्या, हे सर्वांस ठाऊक आहे. घरातल्या बंदीचेही तसेच होते. सोळा वर्षांचा मुलगा मित्राच्या गाडीतून दुसऱ्या गावच्या सरावाच्या रिंगणात जातो, पडतो, डोके गरगरत असताना घरी येतो आणि काही झाले नाही म्हणून सांगतो. हा लपविलेला मार सर्वांत वाईट. डोक्याची पहिली इजा भरून येण्यापूर्वी दुसरी बसली तर धोका फार वाढतो, आणि वाढत्या वयाच्या मुलास बरे होण्यास मोठ्या माणसाहून अधिक दिवस लागतात. ज्या घरात मुलास पडल्याचे सांगण्याची सोय नाही, त्या घरात ही विश्रांती त्याला देणार कोण?

दुसऱ्या टोकास ‘त्याच्या नशिबात असेल ते होईल’ म्हणून हात झटकणारे आईबापही असतात, आणि मुलाच्या अंगावर आपली जुनी स्वप्ने चढविणारे बापही. त्यांच्याविषयी अधिक बोलण्यात अर्थ नाही.

या दोहोंच्या मध्ये एक जागा आहे, आणि ती अगदी लौकिक स्वरूपाची आहे. अठरा वर्षांखालील मुलास अशा सामन्यात उतरावयाचे तर पालकाची सही लागते; कित्येक ठिकाणी ती नोटरीपुढे करावी लागते. इजा झाल्यास आयोजकांवर दावा लावणार नाही, असा त्या कागदाचा आशय असतो. बहुतेक बाप तो न वाचताच सही करतात. वास्तविक त्या कागदाइतके हुकमी साधन पालकांच्या हाती दुसरे नाही. सही आज करावयाची की दोन वर्षांनी, कोणत्या वयात कोणत्या जनावरासाठी, हे त्यांनी ठरवावयाचे असते. मेंढीवरून एकदम वळूवर जाण्याची परवानगी कोणी मागत असेल तर ती देऊ नये. २०२३ च्या जानेवारीत नॉर्थ कॅरोलिना राज्यात १४ वर्षांचा एक मुलगा आयुष्यात पहिल्यांदाच वळूवर बसला आणि त्यातच गेला. पहिल्या खेपेस कोणत्या मुलापुढे कोणता वळू उभा करतात, हे विचारण्याचा अधिकार सही करणाऱ्यास असलाच पाहिजे.

शिरस्त्राणाच्या बाबतीत तर घासाघीस नको. जुने स्वार रुंद काठाची टोपी घालूनच बसत आणि शिरस्त्राणास हसत. व्यावसायिक वळू-स्वारांच्या मोठ्या संघटनेने १५ ऑक्टोबर १९९४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक स्वारास ते सक्तीचे केले आहे. म्हणजे आज शाळेत असलेल्या मुलास ‘मोठे स्वार घालीत नाहीत’ ही सबब उरलेली नाही. शिरस्त्राणाने कवटी आणि चेहरा वाचतो. मेंदूस बसणारा हिसका मात्र पुरता टळत नाही. म्हणून पडल्यानंतर डॉक्टर ‘बस’ म्हणेपर्यंत पुन्हा बसावयाचे नाही, हा करार सहीच्या आधी व्हावा, नंतर नव्हे.

विजेत्यास दहा लाख डॉलरांचे बक्षीस मिळते, असे मुलगा सांगेल. ते खरे आहे. ते वर्षाकाठी एकास मिळते. बाकीचे प्रवेशशुल्क आणि पेट्रोल स्वतःच्या खिशातून भरून गावोगाव हिंडतात, आणि आठ सेकंदांपूर्वी पडलेल्यास त्या दिवशी काही मिळत नाही. हा हिशेब त्याच्यासमोर कागदावर मांडावा. गणिताच्या शिक्षकास हे काम फार आवडेल.

आणि सही केलीच, तर आईबापांनी घरी बसू नये. आईस पाहवत नसेल तर तिने डोळे मिटून घ्यावेत, पण कुंपणाशी असावे. वळूला हुलकावणी देऊन पडलेल्या स्वारापासून दूर नेणारी माणसे रिंगणात किती आहेत, डॉक्टर कोठे उभा आहे, रुग्णवाहिका फाटकाशी आहे की कोणास तरी घेऊन गावात गेली आहे, हे मुलगा कोंडीत उतरण्यापूर्वी बापाने स्वतः चालत जाऊन पाहावे. ती जागेवर नसेल तर प्रवेशशुल्क बुडाले तरी चालेल. मुलाने वाटेल तेवढे तोंड फुगविले तरी त्यास गाडीत घालून घरी आणावे.