वरच्या ओळीतल्या आठ रेघा



नौकामालकांच्या या अधिवेशनाचं अध्यक्षपद तुम्ही माझ्याकडे दिलंत. अध्यक्षानं डिझेलच्या परताव्यावर, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर, परराज्यातल्या ट्रॉलरांच्या घुसखोरीवर बोलावं असा रिवाज आहे. त्या विषयांचे ठराव तयार आहेत आणि ते मांडणारी माणसं जाणती आहेत. मी आज एकच विषय धरून बसणार आहे. साथ आली, बंदर बंद झालं आणि आपली बोट दर्यात आहे. पुढं काय? करोनाला आता बरीच वर्षं झाली, खपली कशाला काढता, असं मला दोघातिघांनी विचारलं. तशी वेळ पुन्हा आली तर आपण पुन्हा जेटीवर नुसतं उभं राहू नये, म्हणून काढतो.

२०२० सालच्या मार्चची गोष्ट. माझी बोट २० तारखेला निघाल्याची नोंद करणारं टोकन घेऊन बाहेर पडली. तांडेल आणि सहा खलाशी, त्यांतले चौघं नेपाळचे, दोघं कारवारकडचे. २४ तारखेच्या मध्यरात्री देश बंद झाला. पंचवीस वाव पाण्यात जाळं सोडून बसलेल्या माणसाला ते कळणार कसं? दुसऱ्या दिवशी शेजारच्या बोटीनं वायरलेसवर सांगितलं की सगळं बंद झालंय. सगळं म्हणजे काय, ते सांगणाऱ्यालाही माहीत नव्हतं. खणात बर्फ होता, टाकीत डिझेल होतं, मासळी लागत होती, म्हणून ते थांबले. २८ तारखेला पहाटे बोट खाडीच्या तोंडाशी आली, तेव्हा जेटीच्या वाटेवर बांबू आडवे बांधलेले होते आणि पलीकडे अख्खा गाव उभा होता. यांनी मुंबईच्या बोटींकडून पाणी घेतलं असेल, डिझेल घेतलं असेल, यांना खाली उतरवू नका, असा आरडाओरडा चालला होता. त्या गर्दीत माझे सख्खे चुलतभाऊ होते. मी त्यांना दोष देत नाही. माणूस घाबरला की आपलाच भाऊ त्याला परका दिसतो. थोड्या वेळानं एक अधिकारी आले, त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि निकाल दिला: बोट नांगरावर राहील, चौदा दिवस, आजपासून.

‘आजपासून’ हा शब्द तेव्हा माझ्या कानाला खटकला नाही. तो तांडेलाच्या कानाला खटकला.

रोज सकाळी मी छोटी होडी वल्हवत बोटीकडं जायचो. चार कॅन पाणी, तांदूळ, कांदे-बटाटे, कधी चहाची पावडर. दहा हातांवर थांबायचं. तांडेल दोर फेकायचा, मी कॅनच्या कानात गाठ मारायचो, तो ओढून घ्यायचा. रिकामे कॅन मात्र परत आणायची सोय नव्हती. बोटीवरची वस्तू गावात येऊ द्यायची नाही, असं ठरलं होतं. त्यामुळे मी रोज नवे कॅन शोधत हिंडायचो आणि रिकामे डेकवर साठत जायचे. आठव्या दिवशी त्यांची भिंत झाली होती आणि तिच्या आडोशाला खलाशी आंघोळ करायचे. बर्फ तर तिसऱ्या दिवशीच संपला. लिलाव बंद, मासळी घ्यायला कुणी नाही. सुरमई, बांगडा, म्हाकूल, सगळं त्यांनी फावड्यानं पाण्यात लोटलं. मी होडीतून बघत होतो. पोरांनी त्या दिवशी जेवण केलं नाही.

केबिनच्या दारावर तांडेलानं खडूनं रेघा मारल्या होत्या, दोन ओळींत. खालच्या ओळीत रोज एक रेघ वाढायची. वरच्या ओळीत आठ होत्या, त्या वाढतही नव्हत्या, कमीही होत नव्हत्या. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “नाखवा, हे आठ दिवस आम्ही दुसऱ्या माणसाचं तोंड पाहिलं नाही. हे कुणाच्या खात्यात लिहायचे?”

त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर जे वाचलं, जाणत्या माणसांना विचारलं, ते तुमच्यापुढं ठेवतो.

मोठ्या जहाजांचं हे गणित सहाशे वर्षांहून जुनं आहे. आजच्या क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिक शहराला तेव्हा रागुझा म्हणत. तिथं १३७७ मध्ये नियम झाला की प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यानं शहरात शिरण्याआधी तीस दिवस बाहेर राहायचं. पुढं तिसाचे चाळीस झाले आणि व्हेनिसच्या बोलीतल्या चाळीसवरून क्वारंटाइन हा शब्द आला. व्हेनिसनं १४२३ मध्ये त्यासाठी खाडीतलं एक बेटच राखून ठेवलं. यातली एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. त्यांनी माणसाला अडवलं, पण अडवलेल्या माणसाला पाय टेकायला जागा दिली.

आपल्या मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्याच फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला. बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांची तपासणी करण्याचा, माणसांना थांबवून ठेवण्याचा अधिकार सरकारला त्या कायद्यानं आहे, आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू केला तो हाच १८९७ चा कायदा. १९१८ चा इन्फ्लुएन्झाही मुंबईत समुद्रावरूनच आला. जूनमध्ये आधी आजारी पडले ते गोदीतले पोलीस शिपाई. तेव्हा बंदरानं सावध असावं याला माझी ना नाही. समुद्र आपल्याला मासळी देतो तशी रोगराईही आणतो, हे कोळीवाड्याला कुणी शिकवायला नको.

पण मोठ्या जहाजासाठी सावधपणाची एक रीत आहे. पिवळा बावटा चढवायचा, बंदर आरोग्य अधिकाऱ्याकडून मोकळीक मागायची, ती मिळाली की धक्क्याला लागायचं. २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत २८ वं कलम आहे. बंदर सोयींअभावी जहाजाला दुसरीकडं पाठवू शकतं, बोटीवर रोग असेल तर बंधनं घालू शकतं, पण इंधन, पाणी, अन्न भरून घेण्यापासून अडवू नये, असं त्यात म्हटलं आहे. हे सगळं परदेशी फेऱ्या करणाऱ्या जहाजांसाठी. हर्णैच्या, मिरकरवाड्याच्या, वर्सोव्याच्या मच्छीमार बोटीला पिवळा बावटा नाही आणि तो बघायला जेटीवर अधिकारीही नाही. दोन लाख टनांच्या जहाजाला जे मिळतं ते सात माणसांच्या बोटीला मिळू नये, याला न्याय म्हणत नाहीत.

२०२० च्या त्याच उन्हाळ्यात अटलांटिक ओलांडून युरोपला परतणाऱ्या शिडाच्या बोटी अझोर्स बेटांवरच्या होर्ता बंदरात येत होत्या. नवरा-बायको, कधी एकटा माणूस, दोन-तीन आठवडे समुद्रावर काढून आलेले. पोर्तुगालनं त्यांना किनाऱ्यावर पाय ठेवू दिला नाही. पण नांगर टाकू दिला आणि पाणी, डिझेल, भाजीपाला बोटीपर्यंत पोचवला. न्यूझीलंडनं त्या वर्षी समुद्रमार्गे येणाऱ्यांसाठी नियम केले, त्यांत समुद्रावर काढलेले दिवस चौदात धरले. म्हणजे तांडेलाचा प्रश्न जगात कुणीतरी आधीच सोडवलेला होता. त्यासाठी मोठी विद्वत्ता लागत नाही, बोट कुठून कधी निघाली याची नोंद लागते. ती नोंद आपल्याकडे आहे. २००८ मध्ये ‘कुबेर’ बोट पळवून अतिरेकी मुंबईत उतरले, तेव्हापासून आपल्या फेऱ्यांची नोंद होते, खलाशाचं ओळखपत्र बघितलं जातं. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला एक लाख बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना सुरू झाली. बोट कुठं आहे हे आता उपग्रहावरून दिसेल. ही नोंद आपल्यावर नजर ठेवायला चालते, तशी आपले दिवस मोजायलाही चालली पाहिजे.

डॉक्टर मंडळी यावर एक शंका काढतात आणि ती रास्त आहे. बोट सुटायच्या आदल्या दिवशी एकाला लागण झाली असेल, त्याच्याकडून दुसऱ्याला सहाव्या दिवशी झाली असेल, तर आठ दिवसांनी येणारा माणूस निरोगी दिसेल आणि नसेल. म्हणून नुसत्या दिवसांवर भागणार नाही, जेटीवर चाचणी हवी. पण त्याच शंकेची दुसरी बाजूही बघा. योकोहामाला फेब्रुवारी २०२० मध्ये ‘डायमंड प्रिन्सेस’ हे प्रवासी जहाज अडवून ठेवलं. ३,७११ माणसं होती, ७१२ जणांना लागण झाली. त्या जहाजावर डॉक्टर होते, खोल्या होत्या, खोलीला दार होतं. आपल्या बोटीवर आठ फूट बाय सहा फुटांच्या केबिनमध्ये सात जण झोपतात. एक खोकला तर सहा जणांना लागणारच. म्हणून मी म्हणतो, समुद्रावरचे दिवस मोजा, पण किनाऱ्याला आलेली बोट कोठडी म्हणून वापरू नका. राहिलेले दिवस काढायला जमिनीवर जागा द्या. बंदरागणिक एक शेड, चार संडास, पाण्याचा नळ. तेवढंच.

हे माझ्या एकट्याच्या बोटीचं दुखणं नव्हतं. एप्रिल २०२० मध्ये सौराष्ट्राच्या बंदरांतून डहाणू-तलासरीकडचे आदिवासी खलाशी बोटीनं निघाले ते उंबरगावजवळच्या नारगोलच्या समुद्रात अडकले. महाराष्ट्रातल्या पोरांना उतरायची परवानगी मिळेना. घर डोळ्यांना दिसेल इतकं जवळ आणि पाय पाण्यावर. गोव्यात मालिमला, कुटबणला परप्रांतीय खलाशी जेटीला बांधलेल्या ट्रॉलरांवरच दिवस काढत होते.

आणि तारखा बघा. शेतीच्या कामांना टाळेबंदीतून सूट मिळाली २७ मार्चला. समुद्रातल्या मासेमारीला मिळाली १० एप्रिलला. मधले चौदा दिवस. शेतकरी माझा भाऊच आहे, त्याला मिळालं याचा आनंद आहे. पण भाताची रोपं आणि बर्फाखालची सुरमई, यांत आधी नासतं काय? माझ्या बोटीचे नांगरावरचे दिवस पुरे होत आले आणि त्याच सुमारास मासेमारीची परवानगी आली. तोवर कारवारची दोघं पोरं घरी जाण्याच्या नादात होती आणि डिझेलला पैसा नव्हता. महाराष्ट्रानं एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. कागदावरच्या या दर्जाचा साथीच्या काळात अर्थ काय, तो आजच विचारून घेतला पाहिजे.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. बोटी वर ओढायला, शाकारायला हात कुठं होते? खलाशी निघून गेले होते, जे राहिले ते बिचारे एकेका दोराला तिघं तिघं लटकले. मग १ ऑगस्टचा हंगाम. नेपाळची सीमा बंद. जे आले ते ट्रकमधून, बसमधून, चार चार ठिकाणी अडवले जाऊन आले आणि इथं पुन्हा चौदा दिवस. खोली मालकाची, जेवण मालकाचं, चाचणी मालकाची, आणि अंगावर दिलेली उचल आधीच गेलेली. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांसाठी चौदाचे दहा दिवस झाले, चांगलंच झालं. दिवस कमी होऊ शकतात, हे त्यातून कळलं. खलाशासाठी ते मागायला मात्र कुणी गेलं नाही. आपणही गेलो नाही.

इथं मी एक सांगितलं पाहिजे. त्या चौदा रात्री मी माझ्या घरी, माझ्या खाटेवर झोपलो. घरामागं माझी जाळी ठेवायची खोली होती, तिला पत्रा होता, दार होतं. सात माणसं तिथं राहिली असती. गावाशी भांडावं लागलं असतं, एवढंच. मी भांडलो नाही. मी रोज पाणी नेऊन दिलं आणि स्वतःची समजूत घातली की मी माझं काम करतो आहे. सरकारकडं शेड मागताना, बंधूंनो, आपल्या प्रत्येकाची जाळ्यांची खोली आपल्याला आठवली पाहिजे. खलाशाच्या थांबलेल्या दिवसांची मजुरी कुणी द्यायची, या प्रश्नावर आपल्या मागल्या बैठकीत आवाज चढले होते. माझं मत मी तिथं सांगितलं, इथंही सांगतो: अर्धी मालकानं द्यावी. उरलेल्या अर्ध्यासाठी सरकारशी भांडू, पण आपली अर्धी आधी बाजूला काढून.

दुपारच्या सत्रात ठराव येईल. समुद्रावरचे दिवस टोकनाच्या नोंदीवरून विलगीकरणात धरावेत, नांगरावरच्या बोटीला पाणी, अन्न, औषध कुणी अडवू नये, बंदरागणिक उतरायची जागा असावी, आणि थांबलेल्या दिवसांची मजुरी. मसुदा माझ्या हातचा आहे, त्यात चुका असतील, त्या दाखवा.

बोट तीच आहे. दोनदा रंग दिला, केबिनचं दार मात्र तांडेलानं रंगवू दिलं नाही. तो आज मागच्या रांगेत बसला आहे. अध्यक्षांनंतर कुणी बोलू नये असा संकेत आहे, तो मी आज मोडतो. तांडेल, पुढं या. माइक घ्या.