लाल परी आणि तुंबलेलं नोझल

आज जरा वेगळा विषय. बाबा एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते. त्यांच्या रिटायरमेंटला द्यायला मी लाल परीचं मॉडेल करत होतो. थ्री-डी प्रिंट, फूटभर लांब. कार्यक्रमाला उरले होते चार दिवस.

ब्रशने रंगवलं की फटकारे दिसतात, म्हणून एअरब्रश घेतला. अ‍ॅक्रिलिकमध्ये पाणी घातलं, ट्रिगर ओढला. मिनिटभर झकास! मग फुर्र फुर्र... आणि बसच्या तोंडावर लाल गुठळ्यांचे शिंतोडे.

मी काय केलं? प्रेशर वाढवलं, रंग पातळ केला, अंतर बदललं, सगळं एकदम. ऑफिसात ज्युनिअर पोरांना मीच सांगतो की डीबग करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. असो.

भानगड अशी आहे. अ‍ॅक्रिलिक म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे बारीक कण आणि रंगद्रव्य. पाणी उडालं की कण एकमेकांना चिकटतात, आणि मग तो थर पाण्याने विरघळत नाही. माझं नोझल ०.३ मिलिमीटरचं. तिथून हवा जोरात जाते, त्यामुळे सुईच्या टोकावरच रंग वाळतो. मी प्रेशर वाढवलं, म्हणजे वाळवण्याचं काम आणखी जोरात सुरू केलं! नुसतं पाणी ओतत राहिलं तर रंगाची पकडही जाते आणि ओघळ येतात.

शेवटी जमलं ते असं. रंग दुधाइतका पातळ केला, पण त्यात वाळणं लांबवणारं रिटार्डर थेंब-दोन थेंब घातलं. जुन्या ओढणीच्या तुकड्यातून गाळला. प्रेशर २० पीएसआयच्या आसपास. दर थोड्या वेळाने सुईचं टोक ओल्या कापसाने पुसायचं, हळू हाताने, कारण टोक वाकलं की फवारा तिरका जातो. आणि ट्रिगरचा क्रम: आधी हवा, मग रंग, थांबताना आधी रंग बंद, मग हवा. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर!

शिंतोडे? रात्रभर वाळू दिले, ओल्या पॉलिश पेपरने घासले, पुन्हा पांढरा प्रायमर मारला. लाल रंग झाकायला कमजोर असतो. करड्या प्रायमरवर तो मळकट दिसतो. मग पाच हलके थर. जाड एक थर मारायचा मोह आवरा. आणि मास्क लावा हं, पाण्याचा रंग असला तरी धुकं फुप्फुसातच जातं.

कार्यक्रमात बाबांनी बस हातात घेतली, फिरवून फिरवून बघितली. म्हणाले, "रंग बरोब्बर आहे रे. पण डावीकडचा आरसा कुठाय?"

तो राहिलाच होता. या रविवारी लावतोय. चला, भेटू पुढच्या भागात!