सावरलेल्या देहाचे वजन

आहारविकारातून नुकत्याच सावरलेल्या व्यक्तीने वजनाची चिंता वाटली तरी उपासाचा मार्ग तूर्त वर्ज्यच मानावा, मग तो माहूरच्या रेणुकामातेच्या नवरात्राचा का असेना. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात संशोधक अ‍ॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ साली ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्यांचे चित्त अहोरात्र अन्नाभोवतीच घुटमळू लागले आणि पुढे मुबलक अन्न मिळूनही कित्येकांची भूक दीर्घकाळ शमेना. उपासमारीतून अतिभक्षण जन्मू शकते, याचा हा बोलका दाखला. आहार पूर्ववत झाल्यावर मेद बहुधा प्रथम पोटाभोवती साचतो व कालांतराने सर्वांगी विभागला जातो, हे ठाऊक असले म्हणजे घाबरून ताट मागे सारण्याची वेळ येत नाही. आपल्याकडे घरोघरी होणारी ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, भाजी आणि ताक ठरल्या वेळी, भुकेची वाट न पाहता, घ्यावे; वजनकाट्याचा अंमल मात्र घरातून उठवून वजनाची नोंद दवाखान्यातच करवावी. ‘अंगाने भरलीस हो!’ असले शेरे सोयऱ्यांनी, कृपा करून, आवरावेत. जुनी भीती पुन्हा डोके वर काढू लागल्यास शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र, विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतूनही बोलता येते.