हौदा किती लांब हवा?



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं अनेकांस नवल वाटेल. अमेरिकेंतील पिकअप ट्रकचा हौदा किती फुटांचा असावा, हा प्रश्न आपल्या दिवाणखान्यांत बसून कोणीं कशाला सोडवावा? परंतु ज्यांचीं मुलें, मुली व जांवई समुद्रापलीकडे संसार थाटून बसले आहेत, अशीं घरें आज आपल्यामध्यें थोडीं नाहींत; आणि तिकडील संसारांतले प्रश्न टेलिफोनवरून इकडे रोज येऊन पोंचतात. असाच हा प्रश्न गेल्या वर्षीं माझ्या मुलीनें मला विचारला. तो विचारण्यापूर्वीं तिच्या घरीं जें घडलें तें आधीं सांगतों. म्हणजे प्रश्नाचें महत्त्व आपल्या ध्यानीं येईल.

माझी मुलगी व जांवई कोलोरॅडो राज्यांत राहतात. पश्चिमेस रॉकी पर्वताच्या रांगा दिसतात. सुटी आली कीं ट्रकच्या मागें एक फिरतें घर जोडावें आणि डोंगरांत जाऊन चार दिवस राहावें, अशी तिकडे चाल आहे. या फिरत्या घरास ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. निजण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असलेलें तें एक लहानसें बिऱ्हाडच चाकांवर बसविलेलें असतें. हा शौक नवा नव्हे. अॅल्युमिनियमच्या चकचकीत ट्रेलरांसाठीं प्रसिद्ध असलेली एअरस्ट्रीम ही कंपनी वॉली बायम यांनीं १९३१ सालीं काढली. त्यापूर्वीं १९२५ सालीं फोर्ड कंपनीनें आपल्या मॉडेल टी गाडीस कारखान्यांतच हौदा बसवून ती विकावयास आरंभ केला होता. त्या हौद्याची लांबी अवघी ५६ इंच होती. शेतकऱ्याचीं पोतीं वाहण्यासाठीं निघालेला तो हौदा आणि सहलीसाठीं निघालेलें हें घर, यांचा संयोग मागाहून झाला. आणि आमच्या प्रश्नाचें मूळ याच संयोगांत आहे.

आमच्या जांवयांनीं प्रथम ५॥ फूट हौद्याचा ट्रक घेतला व त्याच्या मागें २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर जोडून दोन वर्षें आनंदानें प्रवास केला. पुढें कोणाचा तरी थाट पाहून त्यांनीं तो ट्रेलर विकला व दुसऱ्या जातीचा, ज्याची जोडणी हौद्याच्या आंत बसते असा, ट्रेलर आणला. ट्रक मात्र तोच राहिला. आंखूड हौद्यासाठीं सरकती जोडणी मिळते. वळण्यापूर्वीं खालीं उतरून तिचा दांडा ओढावयाचा, म्हणजे ट्रेलर कांहीं इंच मागें सरकतो. पहिले दोन प्रवास नीट झाले. तिसऱ्या प्रवासांत चार तास घाट चढून उतरल्यावर, पावसांत, अंधार पडतां पडतां ते तळावर पोंचले. जागेवर ट्रेलर मागें लोटण्यासाठीं जांवयांनीं चाक पुरतें वळविलें. दांडा ओढावयाचा राहून गेला. ट्रेलरचा कोपरा फिरत आला आणि ट्रकच्या मागच्या कांचेवर आदळला. त्या कांचेपाशीं माझी सात वर्षांची नात झोंपली होती. तिच्या केसांतून कांचेचे कण वेंचून काढावे लागले, याहून अधिक कांहीं झालें नाहीं. परंतु त्या रात्रीं मुलीनें मला टेलिफोन केला तेव्हां तिचा आवाज कांपत होता. चार दिवसांनीं तिनें विचारलें, “बाबा, आतां नवा ट्रक घ्यायचा, तर हौदा किती फुटांचा घेऊं?”

मी जन्मभर यंत्रांच्या संगतींत काढलेला मनुष्य. उत्तर देण्यापूर्वीं मीं कागद व फूटपट्टी घेतली, आणि जें हातीं आलें तें आज आपणांपुढें ठेवतों.

पहिली गोष्ट अशी कीं, हौद्याची लांबी ही स्वतंत्रपणें ठरविण्याची वस्तूच नव्हे. ट्रेलर ट्रकला कोठें जोडावयाचा, हें आधीं ठरलें पाहिजे. ही जोडणी मुख्यतः दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारांत ट्रकच्या मागच्या टोंकाशीं, चौकटीस बसविलेल्या पोलादी खोबणींत एक गोळा असतो व ट्रेलरची दांडी त्या गोळ्यावर येऊन टेकते. ज्यास सामान्यतः ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात तो असा ओढला जातो. दुसऱ्या प्रकारास फिफ्थ-व्हील, म्हणजे पांचवें चाक, असें म्हणतात. घोडागाडीचा पुढचा आंस वळावा म्हणून त्यावर एक आडवें चक्र ठेवीत, त्यावरून हें नांव पडलें. या प्रकारांत जोडणी हौद्याच्या आंत, मागच्या आंसाच्या माथ्यावर असते, आणि ट्रेलरचा पुढचा भाग हौद्यावर झुकलेला असतो.

दुसऱ्या प्रकारांत हौद्याची लांबी हा जिवाशीं गांठ घालणारा प्रश्न आहे, आणि त्याचें गणित शाळेंतला मुलगाही करूं शकेल. ट्रेलरची रुंदी ८ ते ८॥ फूट असते. म्हणजे मधल्या खिळ्यापासून त्याची बाजू ४८ ते ५१ इंच दूर असते. पुढचा कोपरा गोल नसेल, तर तो याहूनही दूर. ट्रक व ट्रेलर काटकोनांत आले कीं ही बाजू केबिनच्या पाठीसमोर येते. तेव्हां खिळ्यापासून केबिनपर्यंत तेवढी जागा मोकळी हवीच हवी. आतां आमच्या जांवयांच्या ट्रकचा हौदा सबंध मोजला तरी ६७ इंच, आणि मागचा आंस येतो त्याच्या मध्याच्या आसपास. त्याचें अर्ध ३३॥ इंच. ज्यास ४८ इंच पाहिजेत त्यास ३३॥ मिळाले, तर बाकीचे इंच कोठून यावयाचे? केबिनच्या कांचेतून! सरकती जोडणी ही उणीव भरून काढते खरी. परंतु मनुष्यानें थकल्याभागल्या वेळीं न विसरतां तो दांडा ओढला तरच. ८ फुटी हौद्यांत आंसाच्या पुढें जागा पुरेशी असते. तेथें कोणाच्या आठवणीवर विसंबावें लागत नाहीं. ६॥ फुटी हौदा काठावरचा असतो. कांहीं ट्रेलर त्यांत सुखानें वळतात, कांहीं वळत नाहींत, म्हणून तेथें ट्रेलर समोर उभा करून मापें घेतल्यावांचून पैसे देऊं नयेत.

परंतु पहिल्या प्रकारचा, शेपटीशीं जोडलेला ट्रेलर असेल, तर हा सगळा हिशेब गळून पडतो. तेथें ट्रेलर हौद्याच्या बाहेर वळतो. हौदा आंखूड असला म्हणून कांच फुटावयाची नाहीं. मग लांब हौद्याचा कांहींच उपयोग नाहीं काय? उपयोग आहे, पण तो हौद्याचा नव्हे, त्यामुळें वाढणाऱ्या दोन आंसांमधील अंतराचा आहे. या अंतरास व्हीलबेस म्हणतात. सोसाट्याचा वारा किंवा शेजारून जाणारी अवजड गाडी ट्रेलरला बाजूस ढकलते, तेव्हां ट्रेलर ट्रकची शेपटी हलवूं पाहतो. मागच्या आंसापासून गोळ्यापर्यंतचें अंतर ही ढकलणारी तरफ. दोन आंसांमधील अंतर ही तिला अडविणारी तरफ. दुसरी जितकी लांब, तितका ट्रक स्थिर.

येथें अनेकांची फसगत होते. लांब हौदा म्हणजे लांब व्हीलबेस, असें ते धरून चालतात. २०२१ सालच्या फोर्ड एफ-१५० या ट्रकचींच मापें पाहा. चार मोठ्या दारांची केबिन व ५॥ फुटी हौदा असेल तर व्हीलबेस १४५.४ इंच. त्याच केबिनीस ६॥ फुटी हौदा घेतला तर १५७.२ इंच, म्हणजे वाढलेला जवळजवळ एक फूट सगळा दोन आंसांच्या मध्येंच पडला, आणि तो उत्तम. परंतु दोन दारांची लहान केबिन व ८ फुटी हौदा घ्या. व्हीलबेस होतो १४१.५ इंच! सर्वांत लांब हौद्याचा हा ट्रक सर्वांत आंखूड हौद्याच्या ट्रकाहून आंखूड पावलांवर उभा आहे. तेव्हां मागून ओढावयाच्या ट्रेलरसाठीं हौदा पाहूं नका, व्हीलबेस पाहा.

तिकडील जुन्या प्रवाशांचा एक आडाखा आहे: व्हीलबेसच्या पहिल्या ११० इंचांस २० फुटांचा ट्रेलर, व पुढें दर ४ इंचांस एक फूट. या हिशेबानें १४५ इंचांस सुमारें २९ फूट व १५७ इंचांस सुमारें ३२ फूट येतात. आडाखा सोयीचा आहे. परंतु ट्रेलरचें वजन किती, त्यांत सामान कसें भरलें आहे, वारा कोठून येतो, हें त्यास कळत नाहीं. तो नियम समजूं नये.

सामान कसें भरावें, हें मात्र आपल्या खेड्यांतील गाडीवान पुष्कळ अगोदर शिकला आहे. गाडींत मागें भार अधिक झाला कीं गाडी उलाळ होते, जूं बैलांच्या मानेवरून वर उचलतें, आणि गाडी हातीं राहत नाहीं. पुढें फार झाला तर बैलांच्या माना दबतात. ट्रॅव्हल ट्रेलरचें अगदीं असेंच आहे. त्याच्या एकंदर वजनापैकीं शेंकडा १० ते १५ इतका भार गोळ्यावर यावा. कमी आला तर ट्रेलर रस्त्यावर शेपटी हलवूं लागतो. परंतु हा भार ट्रकच्या पाठीवर पडतो, हें विसरून चालत नाहीं. ट्रकच्या दाराच्या चौकटीवर एक पत्रिका चिकटविलेली असते. माणसें व सामान मिळून किती वजन न्यावें, तें तीवर छापलेलें असतें. समजा, तो आंकडा १६०० पौंड आहे व भरलेला ट्रेलर ६४०० पौंडांचा आहे. त्याचे शेंकडा साडेबारा म्हणजे ८०० पौंड गोळ्यावर आले. चार माणसें ५५० पौंड, जोडणीचें लोखंड १०० पौंड. उरले किती? दीडशें पौंड! मग तो लांबलचक हौदा सरपणानें, सायकलींनीं व पाण्याच्या पिंपांनीं भरावयाचा कशाच्या बळावर? लांब हौद्याचा ट्रक स्वतःच जड असतो, म्हणून तेंच इंजिन व तीच चौकट असतां त्याची वाहण्याची शक्ति कित्येकदां थोडी कमीच भरते. जागा वाढली म्हणजे बळ वाढलें, असें नव्हे.

आतां उरला रोजचा संसार. ट्रेलर ओढण्याचे दिवस वर्षांत वीस-पंचवीस. बाकीचे सर्व दिवस तोच ट्रक बाजारांत, शाळेच्या दारीं व कचेरींत न्यावयाचा असतो. माझ्या मुलीचें म्हणणें हेंच होतें: “बाबा, सहलीला हे चालवतात, पण रोज मीच चालवते ना!” वर सांगितलेला चार दारांचा ट्रक ५॥ फुटी हौद्यानें १९ फूट ४ इंच लांब होतो, ६॥ फुटी हौद्यानें २० फूट ३ इंचांहून थोडा अधिक. याच कंपनीच्या अधिक अवजड जातींत चार दारें व ८ फुटी हौदा घेतला तर लांबी २२ फुटांच्याही पुढें जाते. असा ट्रक गर्दीच्या जागीं वळवितांना दोनदां मागेंपुढें करावा लागतो. जो सुतारकाम करतो, ज्यास ४ फूट रुंद व ८ फूट लांब प्लायवूडचे तक्ते मागचा फाळका लावून न्यावयाचे असतात, त्यानें ८ फुटी हौदा अवश्य घ्यावा. इतरांनीं आपल्या गराजची खोली आधीं मोजावी. आमच्या जांवयांच्या गराजची खोली निघाली बरोबर २० फूट.

शेवटीं त्यांनीं काय केलें, हें ऐकण्याची उत्सुकता आपणांस असेल. मीं त्यांस हौद्याचें माप सांगितलेंच नाहीं. मीं तीन प्रश्न विचारले: ट्रेलर कोणत्या जातीचा ठेवणार? दारावरच्या पत्रिकेंतून तुमचीं माणसें वजा जातां काय उरतें? आणि रोज ट्रक कोण चालविणार? पांचव्या चाकाचा मोह धरावयाचा, तर ८ फुटी हौदा व अवजड ट्रक घेतल्याशिवाय सुटका नव्हती. आणि तो मुलीस रोज वागविणें जड होतें. उभयतांनीं विचार करून तो ट्रेलर विकला व पुनः २५ फुटी साधा ट्रॅव्हल ट्रेलर घेतला; त्याच्यासाठीं चार दारांचा, ६॥ फुटी हौद्याचा, १५७ इंच व्हीलबेसचा ट्रक आणला. तो गराजमध्यें मावत नाहीं, बाहेर अंगणांत उभा असतो. हिवाळ्यांत सकाळीं त्यावरचें बर्फ खरवडावें लागतें. एवढा त्रास त्यांनीं पत्करला आहे.

कोणतेंही यंत्र घेतांना आपण त्याची शक्ति विचारतों, किंमत विचारतों, रंगही विचारतों. परंतु आपण थकलेले असतांना, पाऊस पडत असतांना, मूल मागें झोंपलेलें असतांना तें आपणांकडून काय आठवण ठेवण्याची अपेक्षा करतें, हें क्वचितच विचारतों. माझ्या जांवयांसारखा सावध मनुष्य एकदां विसरला. कोणीही विसरेल. म्हणून जी सुरक्षितता मोजून विकत घेतां येते, ती आठवणीवर सोंपवूं नये, इतकेंच मला सांगावयाचें होतें. गेल्या उन्हाळ्यांत ते पुनः त्याच तळावर जाऊन आले. नातीनें तेथून मला चित्र पाठविलें आहे: डोंगर, घर आणि ट्रक. ट्रकची मागची कांच तिनें मोठी काढली आहे, आणि तींतून ती स्वतः हंसत बाहेर पाहत आहे.